डाव्या कोपऱ्यातलं पाणी

सोमवार, ३

आज नोकरीचा पहिला दिवस. आईने सकाळीच शेजारच्या काकूंना सांगितलं, "मुलगी दवाखान्यात लागली," आणि काकूंनी लगेच आपला गुडघा पुढे केला. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच, त्यामुळे ती पदवी नेमकी कशाची हे अजून कुणाला नीट ठाऊक नाही. प्राणिशास्त्राची आहे, काकू. गुडघ्यांची नाही.

दवाखाना कानांचा आहे. कमी ऐकू येणाऱ्यांना तपासायचं आणि लागेल त्याला कानात बसवायचं यंत्र द्यायचं. माझ्याकडे दोन कामं: सकाळी बसायच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळायची आणि उरलेला दिवस पेशंटांना एकेक करून आत सोडायचं. "दुसरं काम महत्त्वाचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी मान डोलावली. मनात मात्र पहिलंच. डॉक्टरबाईंना दिवसभर पेशंटांशी बोलून प्रत्येक शब्द सुटा आणि मोठ्याने उच्चारायची सवय झाली आहे. त्यांनी नुसतं "बस" म्हटलं तरी मी दचकून उभी राहिले.

टाकी पाहून जीव कळवळला. माणूस आडवा झोपेल एवढी लांब. आत खडक आणि खडकांवर जिवंत प्रवाळ. लोकांना ते दगड वाटतात, पण ते प्राणी आहेत, फक्त जागेवरून हलू न शकणारे. त्यांना पाण्याकडे जाता येत नाही म्हणून पाण्याला त्यांच्याकडे जावं लागतं, अन्न पोचवावं लागतं, घाण वाहून न्यावी लागते. टाकीत हे काम पंप करतात. इथे दोनातला एक पंप बंद पडून तळाशी लोळत होता आणि दुसऱ्याचं तोंड सरळ एका प्रवाळावर रोखलेलं. बिचाऱ्याचं मांस सोलवटून निघालं आहे. डाव्या कोपऱ्यात मात्र पाणी हलतच नाही. तिथे राखाडी गाळ, शेवाळ आणि त्यात मेंदूसारख्या घड्यांचा एक हिरवा प्रवाळ अंग चोरून बसलेला.

मी त्याला म्हटलं, "थांब जरा. आले आहे मी." मागून कुणीतरी खोकलं. पेशंट होते. त्यांना ऐकू आलं नसावं अशी आशा.

मंगळवार, ४

बंद पंप मिस्त्रींनी दुरुस्त केला. मिस्त्री म्हणजे दवाखान्यातली यंत्रं जुळवणारे तंत्रज्ञ. कानात मऊ लगदा भरून कानाचा साचा घेतात आणि त्यावरून यंत्राचं टोक घडवतात. माझ्याहून थोडेच मोठे असतील, पण सगळे मिस्त्री म्हणतात म्हणून मीही म्हणते.

पंपाच्या आत क्षार जमला होता. तो काढताना त्यांनी प्रवाळांबद्दल बरंच विचारलं. ते झोपतात का? त्यांना माणूस ओळखू येतो का? रविवारी त्यांना खायला कोण घालतं? मी सांगितलं, रविवारीही सकाळी मी येऊन जाणार. त्यावर म्हणाले, "मलाही रविवारी इथे बरंच काम असतं."

कष्टाळू माणूस आहे.

गुरुवार, ६

पंपांना जागा दिली. हे पंप चुंबकाने काचेला चिकटतात. एक भाग आत, एक बाहेर. एक मी डाव्या काचेवर लावला, एक उजव्या. दोघांची तोंडं समोरासमोर पण किंचित वर, म्हणजे प्रवाह मध्यावर एकमेकांवर आपटून फुटतात आणि पाणी कधी इकडे, कधी तिकडे असं वेडंवाकडं पसरतं. प्रवाळांना असंच आवडतं. एकाच बाजूने सतत मारा झाला तर कुणालाही नकोसं होईल.

मिस्त्री म्हणाले, "म्हणजे दोघांची टक्कर होऊ द्यायची?"

"हो. पण हलकी."

"चुकून झाल्यासारखी?"

"अगदी तशीच," मी म्हटलं. विषय किती पटकन समजतो त्यांना.

सोमवार, १०

उघडला! डाव्या कोपऱ्यातला हिरवा मेंदू आज घड्या सैल करून फुगला आणि कडेने बारीक पारदर्शक हात बाहेर काढले. मी टाळी वाजवली. बसायच्या खोलीतल्या एकानेही वळून पाहिलं नाही. कानाच्या दवाखान्यात हा एक फायदा.

एक निवृत्त मुख्याध्यापक यंत्र घ्यायचं की नाही या विचारात महिनाभर येत आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. आज ते टाकीपुढे इतका वेळ बसले की आत जायची पाळी त्यांनी दुसऱ्याला दिली. म्हणाले, "पोरी, घरी चार माणसं बोलायला लागली की मी नुसता हसतो. काय चाललंय कळत नाही. इथे मला सगळं कळतंय."

घरी येताना मी हाच विचार करत होते. ही टाकी म्हणजे शोभा नाही. इथे येणाऱ्यांना जगातली निम्मी गंमत निसटल्यासारखी वाटते, आणि ही एक गंमत अशी की तिला कान लागत नाहीत. मी हे चिमणीला सांगितलं. ती माझी धाकटी बहीण. म्हणाली, "ताई, भाषण छान आहे. आता पंखा लाव."

बुधवार, १२

घात झाला.

दवाखान्यात एक चाचणीची खोली आहे. आवाज आत येऊ नये म्हणून तिच्या भिंती जाड केल्या आहेत, दाराला दुहेरी काच आहे. पेशंट हेडफोन लावून बसतो, डॉक्टरबाई बारीक बारीक आवाज सोडतात आणि ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. आज मास्तरांची चाचणी होती. डॉक्टरबाईंनी आवाज सोडलाच नव्हता, तरी मास्तरांचं बोट वर. खाली घ्यायला सांगितलं. पुन्हा वर. त्यांच्यानंतरच्या बाईंचंही तेच. शेवटी डॉक्टरबाई स्वतः आत बसल्या आणि बाहेर येऊन सरळ टाकीपुढे उभ्या राहिल्या.

टाकीची डावी बाजू त्याच खोलीच्या भिंतीला टेकलेली आहे. माझ्या डाव्या पंपाची घरघर काचेतून भिंतीत आणि भिंतीतून आत जाते.

"इथे मला शांतता विकत घ्यावी लागते," त्या एकेक शब्द मोजून म्हणाल्या. "अठ्ठावीसला तपासनीस येतो. खोलीत आवाज सापडला तर तो खोली बंद करायला लावेल. तोवर हे थांबलं नाही तर टाकी जाईल."

"कुठे?"

"माझ्या भावाच्या हॉटेलात."

हॉटेलात! तिथे लोक पाण्यात काय काय टाकतील. आणि टाकी गेली की माझं अर्धं काम गेलं. माझ्या मते खरं काम तेवढंच आहे.

शुक्रवार, १४

डाव्या पंपाखाली रबर लावून पाहिलं. घरघर होतीच. वेग कमी केला, तर घरघर गेली पण हिरवा मेंदू पुन्हा मिटला. पंप मागच्या काचेवर लावला, तर तळाची वाळू उठली आणि केशरी माशांची जोडी वादळात सापडल्यासारखी खडकामागे पळाली. मग तोंड वर केलं. जरा जास्तच वर झालं. पाण्याची धार टाकीबाहेर उडाली आणि मास्तरांच्या वर्तमानपत्रावर पडली.

"भरती आली का?" मास्तरांनी शांतपणे विचारलं.

मी लादी पुसत होते तेव्हा मिस्त्री दुसरं फडकं घेऊन आले. खरं तर एकच फडकं पुरेसं होतं. म्हणाले, "काळजी करू नका, निघेल मार्ग." मी म्हटलं, डाव्या बाजूला पंप हवा तर भिंत बोलते, नको तर मेंदू मरतो, इकडे आड, तिकडे विहीर. ते म्हणाले, "मला पोहता येतं." हा विनोद होता हे मला घरी आल्यावर कळलं.

रविवार, १६

सकाळी टाकी करून आले. मिस्त्री होतेच. रविवारी दवाखाना बंद असूनही त्यांच्यामागे काम फार.

आई शिवणयंत्रावर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं: डावी बाजू, उजवी बाजू, भिंत. तिने दोरा दाताने तोडला आणि विचारलं, "हा मिस्त्री कोण?"

"ते पंप दुरुस्त करतात."

"दर रविवारी?"

"आई, मी तुला टाकीचं संकट सांगते आहे."

"ऐकतेय ना. चहाला बोलाव त्याला एकदा."

"कशाला? आपल्याकडे दुरुस्तीला काही नाही."

"मिक्सर बिघडवते मी," आई म्हणाली आणि चिमणी जमिनीवर लोळून हसली. या घरात गंभीर बोलायची सोयच नाही. बाबांनी तेवढं वर्तमानपत्र खाली करून विचारलं, "नोकरी राहील ना गं?" मी "हो" म्हटलं. माझा आवाज मलाच पटला नाही.

मंगळवार, १८

मी गाढव आहे. आनंदी गाढव.

डावा पंप साफ करायला व्हिनेगरमध्ये ठेवला होता. उजवा चालू होता, आणि कालच्या गडबडीत त्याचं तोंड सरळ होऊन तो वरच्या अंगाने पाणी लांबवर ढकलत होता. मी खाणं टाकलं. खाण्याचा एक लाल कण डोळ्यांनी धरून ठेवला. तो पृष्ठभागाजवळून सरळ डावीकडे गेला, डाव्या काचेवर थडकला, खाली वळला आणि तळाजवळून परत उजवीकडे यायला निघाला. म्हणजे डाव्या कोपऱ्यात पंप नको! पाणी तिथे जाऊन आपण होऊनच वळतं. पण कण अर्ध्या वाटेत खडकांवर अडकला. खडक मीच पहिल्या आठवड्यात मागच्या काचेला टेकवून भिंतीसारखे रचले आहेत. मी इतके दिवस पंप हलवत बसले आणि अडथळा होता माझ्या रचनेचा.

पेशंट गेल्यावर खडक काचेपासून पुढे ओढले, मध्ये वाट ठेवली. मिस्त्रींनी बाही दुमडून मदत केली. दोघांचे हात कोपरापर्यंत पाण्यात. एकदा खडक समजून त्यांनी माझं मनगट धरलं. "माफ करा," ते म्हणाले आणि हात पाण्याबाहेर काढून उभे राहिले. पाणी थंड होतं म्हणून असेल.

आता दोन्ही पंप उजव्या काचेवर: एक वर, लांबवर ढकलणारा, एक खाली, आलटून पालटून चालणारा. डाव्या काचेला काहीही नाही.

बुधवार, १९

मेंदू उघडला आहे. गाळ नाही. वाळू जागेवर. आता फक्त आवाजाची खात्री करायची. मिस्त्रींचे कान दवाखान्यात सर्वांत तीक्ष्ण, म्हणून त्यांना हेडफोन लावून चाचणीच्या खोलीत बसवलं. दाराच्या काचेतून ते मला दिसत होते, मी त्यांना. मी पंप चालू करायचा, ऐकू आलं तर त्यांनी बोट वर करायचं.

वरचा पंप चालू केला. बोट वर.

वेग कमी केला. बोट वर.

दोन्ही पंप बंद केले. आता टाकीत काहीही हलत नव्हतं. मी काचेतून त्यांच्याकडे पाहिलं. बोट वरच.

बाहेर आल्यावर विचारलं, "घरघर आहे?"

"नाही. घरघर मुळीच नाही."

"मग?"

"धक् धक् असं काहीतरी."

"पंप बंद असतानाही?"

"हो," ते म्हणाले. "तेव्हा जरा जास्त."

नवीनच भानगड.

शुक्रवार, २१

तो धक् धक् आवाज कुठून येतो ते दोन दिवस शोधते आहे. पाण्याचा नळ बंद केला. औषधांचा फ्रिज बंद केला. भिंतीवरचं घड्याळ काढून बाहेर जिन्यात ठेवलं, त्यामुळे तीन पेशंट उशीर झाला समजून परत गेले. प्रत्येक वेळी मिस्त्री आत, मी टाकीपाशी, आणि बोट वर.

शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "तू चहा घेऊन ये. मी बघते." मी चहा घेऊन आले तेव्हा त्या टाकीपाशी होत्या. पंप चालू, बंद, पुन्हा चालू. मिस्त्रींचं बोट एकदाही वर नाही. मी आनंदाने काचेजवळ गेले आणि आत हात हलवला.

बोट वर.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि चहाचा कप उचलला. "हा दोष टाकीचा नाही," त्या म्हणाल्या.

"मग कशाचा?"

"त्यालाच विचार."

मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, "पाण्याचाच असेल." मला वाटतं, माझ्या चालण्याने लादी हलत असावी. उद्यापासून रबरी तळव्यांच्या चपला.

रविवार, २३

आमचा मिक्सर खरंच बंद पडला. काय योगायोग! आईच्या आग्रहाने मिस्त्रींना बोलावलं. पाहतात तर मिक्सरची पिनच सॉकेटमधून काढलेली. त्यांनी ती लावली आणि संध्याकाळपर्यंत थांबले. बाबा त्यांच्याशी मिक्सरबद्दल बोलले, आई त्यांच्या घरच्यांबद्दल. चिमणीने विचारलं, "प्रवाळ आवडतात का हो तुम्हाला?" ते म्हणाले, "आता आवडतात."

मी मध्येच चाचणीचा विषय काढला. आई म्हणाली, "काय गं, त्याला जरा बसू दे." बसलेच तर होते.

सोमवार, २४

रबरी चपला घालूनही बोट वर.

कालची रात्र मी नीट झोपले नाही, म्हणून आज ठरवूनच गेले. डॉक्टरबाईंना म्हटलं, "टाकी हॉटेलात पाठवा."

त्या लिहीत होत्या. पेन थांबलं.

"घरघर गेली, पण आत अजून काहीतरी ऐकू येतं. कुणाचं ते मला सापडत नाही. उद्या एखाद्या पेशंटला त्यामुळे चुकीचं यंत्र गेलं तर? मास्तरांना गेलं तर? टाकी मला प्रिय आहे, पण ती त्यांच्या कानांपेक्षा मोठी नाही." त्या हिरव्या मेंदूला मी "आले आहे" म्हणून सांगितलं होतं.

तेवढ्यात मिस्त्री दारात. हातात कुणाच्यातरी कानाचा गुलाबी साचा. सगळं ऐकलं असणार.

"टाकी नका पाठवू," ते म्हणाले. "तो आवाज टाकीचा नाही."

"मग कुणाचा?" मी म्हटलं.

"माझा."

"म्हणजे?"

"छातीतला. हेडफोन लावले की बाहेरचं सगळं बंद होतं ना, मग स्वतःचंच ऐकू येतं." त्यांचे कान साच्याहून गुलाबी झाले होते. "मी आधीच सांगायला हवं होतं. सांगायचं कसं ते कळेना."

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो मी बोलले. "मिस्त्री, हे अंगावर काढू नका! चांगल्या डॉक्टरला दाखवा."

"मी काय वाईट आहे?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तुम्ही कानाच्या."

"मी पंप चालू-बंद करत होते तेव्हा का नाही रे ऐकू आलं तुला?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं. ते साच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी जेवण हलकं केलं असावं.

डॉक्टरबाई इतक्या हसल्या की बाहेरच्या पेशंटांनासुद्धा ऐकू गेलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "टाकी राहील. पण माझी एक अट आहे. शुक्रवारी तपासनीस येण्याआधी शेवटची चाचणी तू द्यायचीस. आत तू. टाकीपाशी तो."

इतके दिवस साप साप म्हणून भुई धोपटत होते. तरी हलकं वाटतं आहे. फक्त मिस्त्रींच्या तब्येतीची काळजी लागली. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "असल्या दुखण्याला औषध नसतं," आणि शिवणयंत्र जोरात चालवायला लागली. आई इतकी निष्ठुर कधी नव्हती.

शुक्रवार, २८

आधी महत्त्वाचं लिहिते. तपासनीस आला, आपली यंत्रं लावून त्याने खोलीचा कोपरा न् कोपरा ऐकला आणि म्हणाला, "इतकी शांत खोली मी या वर्षात पाहिली नाही. बाहेर टाकी आहे ती बंद असते का?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "चालू आहे." तो उठून बघायला गेला. दोन्ही पंप उजवीकडे, पाणी वरून डावीकडे जाऊन तळाने परत येत होतं, आणि डाव्या कोपऱ्यात हिरवा मेंदू सगळे हात पसरून बसला होता. तपासनीस त्याच्यापुढे वाकला आणि त्याची पुढची भेट हुकली. टाकी राहिली. माझं काम राहिलं. बाबांना दवाखान्यातूनच फोन केला. ते फक्त "बरं बरं" म्हणाले, पण मग आईने सांगितलं, ते शेजारच्या काकूंना सांगून आले म्हणून.

आता त्याआधीचं.

सकाळी, तपासनीस यायच्या आधी, मी चाचणीच्या खोलीत बसले. इतके दिवस मी काचेच्या बाहेर असायची. आत बसले नव्हते कधी. डॉक्टरबाईंनी हेडफोन माझ्या कानांवर बसवले आणि दार लावलं. शांतता इतकी की ती अंगाला लागते. काचेतून मिस्त्री दिसत होते. बाही खांद्यापर्यंत दुमडलेली, हात पाण्यात.

त्यांनी वरचा पंप चालू केला. मी कान देऊन ऐकलं. काही नाही. खालचा चालू केला. काही नाही. खरंच काही नाही. माझ्या रचनेला यश आलं होतं. मला इतका आनंद झाला की मी काचेतून त्यांच्याकडे बघून हसले.

त्यांनी दोन्ही पंप बंद केले. पाणी हळूहळू थांबलं. त्यांनी ओला हात बाहेर काढला, तो पुसायचं विसरले आणि तसेच उभे राहून माझ्याकडे बघू लागले. गेले कित्येक दिवस रोज बघत असतील तसे. मी मात्र आज पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरबाईंनी बाहेरून खूण केली: ऐकू येतंय का काही?

पंप दोन्ही बंद होते. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी बोट वर केलं.